झेंग हेच्या जहाजांची साइज सोडा, आतली रचना बघा

चीनच्या जुन्या समुद्रसफरींचा विषय निघाला की पंधराव्या शतकातला चिनी आरमारप्रमुख झेंग हे याची जहाजं नक्की किती मोठी होती यावरच वाद रंगतो, पण मला विचाराल तर खरी कमाल जहाजाच्या पोटात आहे. १९७४ मध्ये चीनमधल्या छुआनचौ बंदराजवळच्या गाळातून झेंग हेच्याही आधीचं, तेराव्या शतकातलं एक व्यापारी जहाज खणून काढलं, उरलेला सांगाडाच २४ मीटरचा आणि आत आडव्या लाकडी भिंती घालून १३ कप्पे केलेले, फटी वाखाचे धागे, चुना आणि तुंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल कालवून केलेल्या लुकणाने बुजवलेल्या. म्हणजे खडकाला धडकून एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे, जहाज तरंगत राहणार! आत मिरी, चंदन, लोबान असला माल होता.

होकायंत्रही त्याआधीपासून होतं, १११९ च्या सुमारास लिहिलेल्या एका चिनी पुस्तकात खलाशी रात्री तारे, दिवसा सूर्य आणि ढगाळ हवेत दक्षिण दाखवणारी सुई बघतात असं स्पष्ट आहे. शिवाय मान्सून. हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर दक्षिणेकडे जायचं आणि आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या नैऋत्य वाऱ्यावर आजच्या मलेशियातल्या मलाक्का बंदरातून घरी परतायचं.

म्हणजे १४०५ ते १४३३ मध्ये झेंग हेने सात सफरी केल्या त्या व्यापाऱ्यांच्या जुन्याच वाटांवरून. त्याच्यासोबत आलेल्या मा हुआनने कालिकतबद्दल जे लिहिलंय ते मला फार आवडतं, की इथले लोक हिशेबाला मणिपाटी वापरत नाहीत, हातापायाची बोटं मोजतात आणि जरासुद्धा चुकत नाहीत, आणि दलालाने हातावर हात मारून भाव ठरवला की माल पुढे महाग होवो वा स्वस्त, शब्द फिरवायचा नाही.

श्रीलंकेत गॉल शहरात १४०९ सालचा शिलालेख मिळाला, आता तो कोलंबोच्या म्युझियममध्ये आहे, एकाच दगडावर चिनीत बुद्धाला, तमिळमध्ये विष्णूच्या अवताराला आणि फारसीत अल्लाला दिलेल्या भेटींची यादी, सोनं-चांदी तिघांनाही सारखंच. हे वाचून झेंग हेला नुसता शांतिदूत म्हणायचा मोह होतो, पण ते अर्धंच खरं आहे, कारण त्याच सुमारास त्याच बेटावर त्याने लढाई केली, तिथला सत्ताधारी अलकेश्वर याला पकडून थेट चीनला नेलं आणि नंतर चीनचा सम्राट योंगले याने त्याला सोडून दिलं.