पार्श्वभूमी: पॅकेज मॅनेजरमध्ये नोंद आधी आली, डिपेंडन्सी नंतर

ऐरोली-कोपरखैरणेची आपली पोरं लिनक्स फ्रॉम स्क्रॅच (सोर्स कोडपासून लिनक्स बांधायला शिकवणारं पुस्तक) वापरून स्वतःची छोटी सिस्टम बांधतायत आणि तिच्यासाठी साधा पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणारं-काढणारं टूल, पण लिहायचा ठरलाय, पण नौपाड्यात सगळे भेटलो तेव्हा बोलणं लगेच डिपेंडन्सी सॉल्व्हरवर, म्हणजे एका पॅकेजला लागणारी बाकीची पॅकेजेस शोधणाऱ्या भागावर, गेलं आणि तिथेच अडकलं. म्हणून हा मागचा इतिहास लिहितोय, कारण प्रत्यक्षात या गोष्टी ज्या क्रमाने आल्या तो क्रम मला डिझाइनसाठीही बरोबर वाटतो.

अगदी सुरुवातीला मॅनेजर वगैरे काही नव्हतंच. टारबॉल (एकत्र बांधलेल्या फाइल्सचा गठ्ठा) उघडा, कॉन्फिगर चालवा, मेक, मेक इन्स्टॉल, झालं. फाइल्स सिस्टमभर पसरायच्या आणि सहा महिन्यांनी ते सॉफ्टवेअर काढायचं म्हटलं की कुठली लायब्ररी कोणी टाकली हे सांगणारं कोणी नाही, मेक अनइन्स्टॉलची सोय मूळ लेखकाने केली असेल तर नशीब. १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्करडिंगचं स्लॅकवेअर हे तयार लिनक्स आलं आणि त्याच्या पॅकेज टूल्सनी याला इतकं साधं उत्तर दिलं की आजही ते वाचून बघावं. पॅकेज म्हणजे कॉम्प्रेस केलेला टारबॉलच, तो रूटवर उघडायचा, आत छोटी शेल स्क्रिप्ट असेल तर चालवायची, आणि कोणत्या फाइल्स टाकल्या त्याची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायची. काढताना तीच यादी वाचून फाइल्स पुसायच्या, फक्त एखादी फाइल दुसऱ्या पॅकेजच्या यादीतही असेल तर तिला हात लावायचा नाही. डिपेंडन्सी तपासणं यात आजही नाही, आणि तरी स्लॅकवेअर चालू आहे!

डेबियन या दुसऱ्या लिनक्सची सुरुवातही त्याच वर्षी, आणि त्याचं पॅकेज टूल डीपीकेजी हे १९९४ च्या जानेवारीत इयान मर्डॉकने लिहिलेली एक शेल स्क्रिप्ट होती, मग ती पर्लमध्ये गेली आणि त्याच वर्षात इयान जॅक्सनने मुख्य भाग सी मध्ये लिहिला. म्हणजे शेल स्क्रिप्टने सुरुवात करणं यात कमी दर्जाचं काही नाही हे पोरांनी लक्षात घ्यावं. रेड हॅटकडे १९९५ मध्ये मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांचं आरपीएम हे पॅकेज टूल आलं. त्यात मला सगळ्यात आवडतो तो व्हेरिफाय, म्हणजे टाकलेल्या फाइलची साइज, चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला तपासणी-आकडा), परमिशन नोंदीशी जुळतेय का ते नंतर कधीही बघता येतं. पण आरपीएमने नोंद बायनरी डेटाबेसमध्ये ठेवली आणि तो बिघडला की आधी तोच पुन्हा बांधायचा, हा वैताग जुन्या लोकांना चांगला आठवत असेल. डीपीकेजीच्या नोंदी साध्या टेक्स्टमध्ये, अडलं तर ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारून वाचता येतात. आपल्यासाठी टेक्स्टच, माझं मत पक्कं आहे.

डिपेंडन्सी या दोघांनी नोंदवल्या, पण त्या आणून द्यायचं काम डीपीकेजी किंवा आरपीएमचं नव्हतं. ते फक्त सांगायचे की अमुक लायब्ररी नाही, ती आणली की ती तिसरंच काहीतरी मागणार. आपल्याकडे तेव्हा डायलअप होतं, सामान्य लोकांना इंटरनेट मिळायला लागलं तेच १५ ऑगस्ट १९९५ पासून, त्यामुळे कॉम्प्युटर मासिकासोबत आलेल्या सीडीवर जे असेल तेवढंच आपलं. रिपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजेसच्या साठ्यातून, सगळं एकत्र ओढणारं एपीटी डेबियन २.१ सोबत मार्च १९९९ मध्ये आलं, डीपीकेजीनंतर पाच वर्षांनी, आणि तेही त्याच्या वरचा वेगळा थर म्हणून. यम पण तसंच, आरपीएमच्या वर.

आणि हा वरचा थर खरंच अवघड आहे. व्हर्जनच्या अटी आणि कॉन्फ्लिक्ट (दोन पॅकेजेस एकत्र न चालणं) दोन्ही आले की कोणती पॅकेजेस एकत्र बसतील हे ठरवणं एनपी-कम्प्लीट, म्हणजे झटपट सोडवायची सर्वसाधारण रीत माहीत नसलेलं, होतं, हे २००६ च्या सुमारास युरोपातल्या एडॉस प्रकल्पात दाखवलं गेलं, आणि २००८ मध्ये ओपनसुसे ११.० ने त्यासाठी सॅट सॉल्व्हर (हो-नाहीच्या अटी एकत्र जुळवणारा प्रोग्राम) वापरला. चाळीस-पन्नास पॅकेजेसच्या सिस्टमला, जिथे प्रत्येकाचं एकच व्हर्जन आहे, तिथे हे काही लागत नाही, टोपोलॉजिकल सॉर्ट (जे आधी लागतं ते आधी, असा क्रम लावणं) पुरतो आणि सायकल, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या पॅकेजेसचं चक्र, सापडली तर एरर देऊन थांबायचं.

त्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा तो अर्धवट इन्स्टॉलला. ठाण्यात शुक्रवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते हे काय नवीन सांगायला नको, आणि ती नेमकी सी लायब्ररी (जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती) बदलताना गेली तर मशीन परत बूटच होणार नाही. डीपीकेजी म्हणून पॅकेजची अवस्था लिहून ठेवतो, उघडलंय पण कॉन्फिगर नाही, अर्धवट राहिलंय वगैरे, आणि नवीन फाइल आधी वेगळ्या नावाने लिहून मग रिनेम करतो, कारण एकाच फाइलसिस्टमवर रिनेम अ‍ॅटॉमिक असतं, जुनी फाइल तरी राहते नाहीतर नवी. कॉन्फिग फाइल्सचंही तसंच, माणसाने हाताने बदललेली फाइल अपग्रेडने गुपचूप पुसली तर त्या मॅनेजरवर परत कोण विश्वास ठेवणार? आर्च लिनक्सचा पॅकेज मॅनेजर पॅकमन नवीन फाइल शेजारी पॅकन्यू म्हणून ठेवतो, तो उपाय सोपा आहे, तो घ्यावा.

पॅकमनचा उल्लेख आलाच तर, जड विनेटने २००२ मध्ये आर्चसोबत आणलेल्या या टूलमध्ये बिल्डची कृती म्हणजे साधी बॅश स्क्रिप्ट, आणि इन्स्टॉलआधी फाइल टकरावतेय का ते तपासतो, टक्कर असेल तर काहीच न बदलता थांबतो. पोरांनी आधी हाच कोड वाचावा असं मी सुचवेन, आणि त्याच्या जोडीला क्रक्स या लिनक्सचे पॅकेज युटिल्स, ते आणखी छोटे आहेत. एरव्ही नोंदीला पर्यायही होते, जीएनयू स्टो प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळं फोल्डर देऊन सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) करतं, निक्स तर फोल्डरच्या नावात हॅश (चेकसमसारखी खूण) घालून पूर्ण वेगळ्याच वाटेने गेलं, पण निक्सची वाट धरली तर सगळी सिस्टमच तिच्याभोवती बांधावी लागते.

तर पहिल्या टप्प्यात डेस्टडिरमध्ये, म्हणजे खऱ्या सिस्टमऐवजी तात्पुरत्या फोल्डरमध्ये, बिल्ड करून टारबॉल, टक्कर तपासणं, टेक्स्टमधली फाइल-यादी चेकसमसकट, आणि काढणं. काढून झाल्यावर आधीच्या आणि नंतरच्या फाइलसिस्टमचा डिफ (दोन्हींतला फरक) रिकामा आला पाहिजे, ही टेस्ट पास होईपर्यंत सॉल्व्हरची ब्रँच कोणी उघडू नये.