लसणाचा वास लसणात नसतो

मागच्या रविवारी भाचीचा फोन आला. "मावशी, चिली गार्लिक नूडल्स केल्या. मोजून बारा पाकळ्या घातल्या गं, तरी लसणाचा वासच नाही. लसूण भेसळीचा असेल का?"

मी तिला एकच विचारलं, लसूण सोललास कसा? तिने फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. गड्डा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा, साल आपोआप सुटून येते. साल सुटते, हे अगदी खरं. तिने चांगला मिनिटभर ठेवला, पाकळ्या पटापट बाहेर काढल्या, चिरल्या आणि तेलात टाकल्या. लसणात भेसळ नव्हती. वास तयार होण्याआधीच तिने तो बंद करून टाकला होता.

हे वाक्य विचित्र वाटेल, म्हणून आधी एक प्रयोग करून बघा. लसणाची एक पाकळी नखही न लागू देता अलगद सोला आणि नाकाशी धरा. जवळजवळ काहीच वास येत नाही. आता तीच पाकळी सुरीने दोन तुकडे करून हुंगा. वास येतो, पण बेताचा. मग ती खलबत्त्यात घालून दोन ठोसे द्या. पाच-दहा सेकंदांत स्वयंपाकघर दरवळतं, खलावर वाकलात तर नाकात झणका जातो. आता दुसरी अख्खी पाकळी उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवा, गार करा आणि तशीच ठेचा. मऊ लगदा होतो, चव गोडसर लागते, झणका मात्र नाही. दोन्ही पाकळ्या एकाच गड्ड्याच्या.

म्हणजे लसणाचा वास लसणात साठवलेला नसतो. आपण लसूण फोडतो त्या क्षणी तो तयार होतो. मला लसणाच्या रसायनातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, त्यामुळे तिच्यावर जरा रेंगाळणार आहे.

लसणाच्या पेशीत अ‍ॅलिइन नावाचा पदार्थ असतो. सिस्टीन या अमिनो आम्लापासून झाडाने तो बनवलेला असतो आणि त्याला वास नसतो. त्याच्या मधोमध गंधकाचा एक अणू असतो. त्या गंधकाला एक ऑक्सिजन चिकटलेला आणि तीन कार्बनची एक शेपटी जोडलेली असते. त्याच लसणात अ‍ॅलिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइमही असतं. पण ही दोघं एकमेकांना भेटत नाहीत. अ‍ॅलिइन पेशीद्रवात असतं आणि अ‍ॅलिनेज रिक्तिकेत, शाळेत पेशीच्या आकृतीत आपण जी पाण्याची पिशवी काढायचो तिच्यात. मध्ये फक्त एक पातळ पडदा. सुरी, दात किंवा बत्ता त्या पडद्यावर आला की दोन्ही कप्पे एकमेकांत मिसळतात.

आता अ‍ॅलिनेज कामाला लागतं. त्याच्याजवळ ब-६ जीवनसत्त्वापासून बनलेला एक मदतनीस रेणू असतो. त्याच्या आधाराने ते अ‍ॅलिइनमधला कार्बन आणि गंधक यांच्यातला बंध तोडतं. तुटलेल्या एका भागाचं पायरुव्हिक आम्ल आणि अमोनिया होतं. वासाशी त्यांचा संबंध नाही. दुसरा भाग म्हणजे गंधक, ऑक्सिजन आणि ती तीन कार्बनची शेपटी. याला सल्फेनिक आम्ल म्हणतात. हा रेणू इतका अस्थिर असतो की सेकंदभरही एकटा टिकत नाही. तसाच दुसरा रेणू भेटला की दोघं जोडले जातात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि तयार होतं अ‍ॅलिसिन. खलातून आलेला झणका तो हाच. ताज्या लसणाच्या एका ग्रॅममधून साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम अ‍ॅलिसिन तयार होऊ शकतं. कांद्यातही याच घराण्यातला रेणू असतो, फक्त त्याची शेपटी जराशी वेगळी आणि सल्फेनिक आम्लाला पकडणारं आणखी एक विकर तिथे हजर. म्हणून कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं आणि लसूण चिरताना येत नाही.

झाडाच्या दृष्टीने हा बंदोबस्त आहे. जमिनीतला गड्डा कुणी कुरतडला तरच हत्यार बाहेर निघतं, एरवी झाडाला स्वतःला त्याचा त्रास नाही.

या रसायनाचा शोध कसा लागला तेही सांगण्यासारखं आहे. १८४४ मध्ये थिओडोर वेर्टहाइम यांनी लसणावर वाफ सोडून त्याचं तेल काढलं. त्यातल्या त्या कार्बनच्या शेपटीला अ‍ॅलाइल हे नाव त्यांनी दिलं, लसणाच्या लॅटिन नावावरून, अ‍ॅलियमवरून. १८९२ मध्ये जर्मनीत झेमलर यांनी असंच वाफेने काढलेलं तेल तपासलं. त्यात मुख्यतः डायअ‍ॅलाइल डायसल्फाइड सापडलं. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेत कॅव्हलिटो आणि बेली यांनी वाफ वापरली नाही. त्यांनी साध्या तापमानाला अल्कोहोलमध्ये लसणाचा अर्क काढला आणि त्यांच्या हाती लागलं अ‍ॅलिसिन. त्यानंतर काही वर्षांतच स्वित्झर्लंडमध्ये श्टोल आणि झेबेक यांनी लसूण शून्य अंशाच्या खाली गोठवून, विकराला हालचालच करू न देता अर्क काढला. त्यांना मिळालं अ‍ॅलिइन, वास नसलेलं. पदार्थ एकच, तापमानं तीन आणि हाती आलेली रसायनंही तीन. तिघांपैकी कुणीही चुकलेलं नव्हतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन कढईकडे बघत उभी राहिले होते, कारण कढईत आपणही हेच करत असतो.

साधारण ६० अंशांच्या वर अ‍ॅलिनेज भराभर निकामी व्हायला लागतं. भाचीच्या मायक्रोवेव्हमध्ये नेमकं हे झालं. पाकळी अख्खी होती, पडदे शाबूत होते आणि आतलं विकर मात्र शिजून गेलं. नंतर कितीही बारीक चिरलं तरी अ‍ॅलिइन तसंच पडून राहिलं. याउलट लसूण आधी ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवला, तर विकर आपलं काम उरकून घेतं. मग आच लागून ते मेलं तरी बिघडत नाही, अ‍ॅलिसिन तयार झालेलं असतं. ते तेलात तापून फुटतं आणि त्यातून डायसल्फाइड, ट्रायसल्फाइड, अजोईन असे नवे गंधकी रेणू तयार होतात. खमंग फोडणीचा वास तो त्यांचा.

विकराचा दुसरा शत्रू म्हणजे आंबटपणा. लिंबू किंवा व्हिनेगर यांच्या तीव्र आम्लात अ‍ॅलिनेज काम करत नाही. म्हणून ठेचण्याआधी लसणावर लिंबू पिळू नका. टिकावी म्हणून आम्ल घातलेली विकतची लसूण पेस्ट ताज्या ठेच्याची सर गाठत नाही, त्याचं एक कारण हेही आहे. संस्कृतात लसणाला रसोन म्हणतात. सहा रसांपैकी एक, आम्ल रस, उणा असलेला तो रसोन. नाव सुंदर आहे आणि ते देणाऱ्यांची जीभ तल्लख होती. पण त्यावरून प्राचीन काळी विकरांचं रसायन ठाऊक होतं, असे जे संदेश फिरतात त्यांना काही अर्थ नाही. चव ओळखणं वेगळं आणि रेणू ओळखणं वेगळं.

आता नूडल्स. आपल्याकडच्या चिली गार्लिक नूडल्स चीनमधून थेट आलेल्या नाहीत. कोलकात्यात स्थायिक झालेल्या चिनी, विशेषतः हाक्का कुटुंबांनी आपल्या तिखट जिभेसाठी जी पाककृती घडवली, तिची ही लेक. मुंबई-पुण्यात चायनीजच्या गाड्यांवर ती घरोघरची झाली. नूडल्स उकळताना गव्हाच्या पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि ग्लुटेनची जाळी त्याला धरून ठेवते. चाळणीत ओतून गार पाणी घातलं की वरचा चिकट स्टार्च धुऊन जातो आणि शिजणं थांबतं. एवढं पुरे. इन्स्टंट नूडल्सवर मेणाचा थर असतो, ही अफवा मात्र दर वर्षी नव्याने येते. तसा थर नसतो. १९५८ मध्ये जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी या नूडल्स बाजारात आणल्या, त्या उकळत्या तेलात तळून पाणी उडवण्याच्या युक्तीवर. उकळल्यावर पाणी गढूळ होतं ते स्टार्चमुळे आणि वर तवंग दिसतो तो त्या तळणीच्या तेलाचा.

दोघांसाठी दीडशे ग्रॅम हाक्का नूडल्स आणि दहा-बारा पाकळ्या. पाणी गॅसवर ठेवायच्या आधी लसूण ठेचा, सगळ्यात पहिलं काम हेच. पाणी उकळून नूडल्स शिजेपर्यंत दहा मिनिटं आपोआप होतात. ठेचलेल्या लसणाचे तीन वाटे करा. नूडल्स एक कणी राखून शिजवा, गार पाण्याखाली धरा आणि चमचाभर तेल चोळून ठेवा.

पहिला वाटा कढईत गार तेलातच घाला, तीन मोठे चमचे तेल, आणि मग मंद आच लावा. हे जवळून बघण्यासारखं असतं. आधी काहीच होत नाही. मग कडेने बारीक बुडबुडे येतात, ते लसणातलं पाणी. चुरचुर चालू असते तोवर काळजी नाही. बुडबुडे मंदावले, आवाज हलका झाला आणि कडा फिक्या सोनेरी दिसल्या की सावध व्हा, पुढच्या अर्ध्या मिनिटात लसूण करपतो. लसणातलं पाणी सोडलं तर उरलेल्या वजनाचा मोठा भाग फ्रुक्टान नावाच्या साखरेच्या साखळ्यांचा असतो. त्यातली सुटी साखर आणि अमिनो आम्लं मिळून तो सोनेरी रंग आणि खमंगपणा देतात. पाणी संपलं की तापमान झपाट्याने चढतं आणि तीच प्रक्रिया कडूपणाकडे जाते. कडू झालेला लसूण दुरुस्त होत नाही, टाकून पुन्हा सुरुवात करावी.

सोनेरी रंग दिसताच भिजवून वाटलेली बेडगी मिरची, थोडी तिखट लाल मिरचीपूड आणि लसणाचा दुसरा वाटा घाला. वीस-तीस सेकंद परता. मग आच मोठी करून नूडल्स, दोन चमचे सोया सॉस, चिमूटभर साखर आणि चवीपुरतं मीठ. सोया सॉस खारट असतो, मीठ जपून. वरखाली करा आणि गॅस बंद. तिसरा कच्चा वाटा, पातीचा कांदा आणि अर्धा चमचा व्हिनेगर आता घाला. व्हिनेगर शेवटी, कारण तोवर विकराचं काम झालेलं असतं. या एका ताटलीत लसणाच्या तीन अवस्था असतात: भाजलेला गोडसरपणा, फोडणीचा खमंगपणा आणि कच्चा झणका.

आता तिखटपणा. तो जिभेच्या चवकळ्यांना कळत नाही, वेदना आणि उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना कळतो. त्यांच्यावर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं, जे साधारण ४३ अंशांच्या वर उघडतं आणि मेंदूला 'भाजलं' असं कळवतं. मिरचीतलं कॅप्सायसिन त्याच प्रथिनाला उघडतं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ते शोधलं आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत नोबेल मिळालं. कॅप्सायसिन असताना ते कमी तापमानालाही उघडतं, म्हणून वाफाळत्या नूडल्स जास्त झोंबतात आणि त्याच गार झाल्या की सौम्य लागतात. कच्च्या लसणाचं अ‍ॅलिसिन मुख्यतः शेजारच्या टीआरपीए-१ या प्रथिनाला डिवचतं. मिरची आणि लसूण एकत्र आले की दोन वेगळ्या घंटा एकदम वाजतात. ठेचा खाताना हे आपण कधीपासून अनुभवत आलो आहोत. पाणी पिऊन उपयोग होत नाही, कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या.

अ‍ॅलिसिनच्या या झोंबण्याचा संबंध एका काळजीच्या गोष्टीशी आहे. त्यातला गंधक-गंधक बंध कमकुवत असतो आणि ते समोर येईल त्या प्रथिनाच्या गंधकाला जाऊन चिकटतं. म्हणून काचेच्या बशीत ते जीवाणू मारतं. पण त्याच गुणामुळे ते रक्तात टिकत नाही. रिकाम्या पोटी लसणाची पाकळी खाल्ली की हृदयातले अडथळे विरघळतात, हा दावा बशीतल्या प्रयोगावरून मारलेली उडी आहे. २०२० मध्ये लसणाने करोना टळतो असे संदेश इतके पसरले की जागतिक आरोग्य संघटनेला त्याचा पुरावा नाही असं जाहीर सांगावं लागलं. आणि बाळाला सर्दी झाली म्हणून तळपायाला किंवा छातीला ठेचलेला लसूण बांधू नका. कुणी ज्येष्ठ सांगत असले तरी नाही. लहान मुलांच्या नाजूक कातडीवर त्याने खरोखरचे भाजल्यासारखे फोड येतात, डॉक्टरांनी अशी मुलं तपासलेली आहेत.

भाचीने नंतर विचारलं, मग हे तिखट लसणाचं तेल एकदाच भरपूर करून बाटलीत ठेवू का? ओट्यावर ठेवायचं असेल तर अजिबात नको. लसूण मातीतून येतो आणि त्याच्यासोबत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू येऊ शकतात. घरच्या उकळीत ते मरत नाहीत. तेलाखाली हवा नसते, आम्ल नसतं, अशा ठिकाणी ते जागे होऊन विष तयार करतात, आणि त्या विषाला वास किंवा चव नसते. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात एका हॉटेलात बाहेर ठेवलेल्या लसणाच्या तेलातून ३६ जणांना ही विषबाधा झाली होती. उरलेलं तेल लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.