जहाज धक्क्याला लागलं म्हणजे धूर थांबला?

"क्रूझ धक्क्याला लागली की इंजिन बंद, मग कसला धूर?" हा समज जुना आहे, आणि चुकीचा. थांबतं ते फक्त जहाज पुढे ढकलणं. बाकी ते तरंगतं हॉटेलच. एसी, लिफ्ट, भटारखाना, शेकडो खोल्यांतले दिवे. यासाठी जनरेटर दिवसभर धडधडत असतात. मोठ्या जहाजाला नुसतं उभं राहायलाही काही मेगावॉट वीज लागते. धुराड्याकडे नीट बघा, वरची हवा थरथरताना दिसेल.

यावर उपाय किनाऱ्यावरच्या विजेचा. अलास्कातल्या जुनो बंदरात २००१ पासून क्रूझ जहाजांना जाडजूड केबल जोडून ती देतात. मग जनरेटर खरंच थांबतात. पण सोय धक्क्यावर हवी तशी जहाजावरही हवी, आणि एकीकडे जरी नसली तरी घोडं अडतं.

"अहो, स्क्रबर बसवलाय ना!" हे ठरलेलं उत्तर. स्क्रबर धुरातलं गंधक पाण्याने धुतो. ओपन-लूप प्रकारात मात्र ते आम्लधर्मी पाणी, जड धातूंसकट, समुद्रातच सोडतात. म्हणजे आपला केर शेजाऱ्याच्या अंगणात! सिंगापूरने १ जानेवारी २०२० पासून आपल्या बंदरात असं पाणी सोडायला बंदी घातली, ती याचसाठी.