बेटाटाकिनच्या तुळया काय सांगतात

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, नवाहो लोकांच्या भूमीत, त्सेगी नावाची तांबड्या वालुकाश्माची घळ आहे. रेंजरसोबत पायवाटेने खाली उतरलं की कड्यातली एक प्रचंड कपार समोर येते, सुमारे १३५ मीटर उंचीची. तिच्या तळाशी दगडमातीची घरं एकमेकांना बिलगून उभी आहेत. हे बेटाटाकिन, तेराव्या शतकातलं शंभराहून अधिक खोल्यांचं गाव.

अजिंठ्याची लेणी माणसाने छिन्नीने कोरली. ही कपार पाण्याने घडवली. वरचा वालुकाश्म सच्छिद्र आहे. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यात मुरत जातं, पण खालच्या घट्ट थरावर अडतं आणि आडवं सरकत कड्यातून पाझरतं. तिथला खडक भुसभुशीत होऊन झडत राहतो, आणि आधार सुटलेला वरचा भाग ढासळतो. म्हणून डोक्यावर छप्पर आणि हाताशी झरा, दोन्ही एकाच जागी मिळतात. शिवाय कपारीचं तोंड दक्षिणेला. हिवाळ्यातलं कलतं ऊन घरांपर्यंत पोचतं, उन्हाळ्यात माथ्यावरचा सूर्य बाहेरच अडतो.

पण खरा खजिना आहे तो छपरांच्या लाकडात. कपारीत पाऊस येत नाही, हवा कोरडी, त्यामुळे सातशे वर्षांपूर्वीच्या तुळया अजून शाबूत आहेत. पावसाच्या वर्षी झाडाचं वलय रुंद होतं, दुष्काळी वर्षी अरुंद. रुंद-अरुंद वलयांचा हा क्रम एकाच प्रदेशातल्या झाडांमध्ये जुळतो. सौरडागांच्या चक्राचा माग काढणारे खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी हे क्रम एकमेकांना जोडत मागे नेले. १९२९ साली शो लो गावाजवळ सापडलेल्या एका जळक्या तुळईने आजच्या झाडांचा क्रम आणि जुन्या अवशेषांमधल्या लाकडांचा क्रम यांमधली तुटलेली कडी सांधली. सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते नेमकं कळतं.

पुरातत्त्वज्ञ जेफ्री डीन यांनी १९६०च्या दशकात इथल्या तुळयांचे बारीक नमुने काढून अख्ख्या गावाचा इतिहास मांडला. १२६७च्या सुमारास तीन-चार कुटुंबांनी घरं बांधली. १२६९ आणि १२७२ मध्ये पुष्कळ झाडं तोडली गेली, पण ते लाकूड लगेच वापरलं नाही. रचून ठेवलं. ते छपरांवर चढलं १२७५ मध्ये, मोठा गट राहायला आला तेव्हा. म्हणजे पुढे येणाऱ्या माणसांसाठी कुणीतरी तीन आणि सहा वर्षं आधी लाकडाची सोय करून ठेवली होती! लेखी कागद नसलेल्या समाजाचा इतका दूरचा विचार वर्षांसकट हाती लागावा, हे मला या शास्त्राचं सर्वांत मोठं देणं वाटतं.

गाव मात्र फार टिकलं नाही. १२७६ ते १२९९ दरम्यान या प्रदेशात मोठा दुष्काळ पडला. घळीच्या तळात ओढ्याने खोल चर पाडले, भूजल खाली गेलं, मक्याची शेतं निकामी झाली. १२८६ नंतर इथे बांधकामासाठी झाड तोडल्याची खूण नाही, आणि १३००च्या सुमारास घरं रिकामी झाली.

या लोकांना ‘गूढरीत्या नाहीसे झालेले’ म्हणणं मला पटत नाही. दक्षिणेकडच्या पठारांवर राहणारे होपी लोक त्यांचेच वंशज. आपल्या काही कुळांची नावं ते याच घळीतल्या गावांशी जोडतात, आणि बेटाटाकिनला आजही पूर्वजांचं घर मानतात.