रक्तस्रावनियंत्रण, रुग्णालयपूर्व

गंभीर दुखापत झालेली व्यक्ती रुग्णालयात पोहोचेपर्यंत तिचे वाहते रक्त थांबवण्याचे उपाय. प्रौढाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातील ४० टक्क्यांहून अधिक गेल्यास प्राणावर बेतते. मांडीतील मुख्य धमनी तुटल्यास ही वेळ काही मिनिटांतच येते. जखमेवर थेट दाब, खोल जखमेत कापड ठासणे आणि हातापायावर आवळपट्टा (टूर्निकेट) हे मुख्य उपाय होत.

सुश्रुतसंहितेत (सूत्रस्थान, अध्याय १४) रक्त थांबवण्याचे चार प्रकार येतात : तुरट द्रव्यांनी संधान (जखम सांधणे), थंडाव्याने स्कंदन (रक्त गोठवणे), भस्माने पाचन (जखम पिकवणे) आणि डाग देऊन दहन. पहिले उपाय निष्फळ ठरले तरच दहन करावे, असा क्रमही तेथे दिला आहे. संहितेचा काळ परंपरेने इ. स. पू. सहावे शतक मानतात. मात्र उपलब्ध पाठावर नंतरच्या शतकांत संस्कार झाले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. संहितेच्याच कल्पस्थान या विषचिकित्सेच्या भागात सर्पदंशाच्या चार अंगुळे वर बंध बांधण्यास सांगितले आहे. काही लेखक त्यात आवळपट्ट्याचे मूळ पाहतात. तो बंध विष वर चढू नये म्हणून आहे, रक्तासाठी नव्हे. त्यामुळे ही जोडणी सावधपणेच स्वीकारावी लागते. यूरोपात आवळपट्ट्याचे श्रेय बहुधा एत्येन मोरेल या फ्रेंच शल्यचिकित्सकाला (१६७४, बझांसाँचा वेढा) देतात. पण काठीने पीळ देऊन बंध आवळण्याची रीत त्याआधी फाब्री या जर्मन शल्यचिकित्सकाकडेही आढळते. झां-लुई पेती या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १७१८ च्या सुमारास स्क्रूने आवळायचा पट्टा आणला, तर जर्मन शल्यचिकित्सक एस्मार्खने १८७३ मध्ये रबरी पट्टी.

पहिल्या महायुद्धानंतर अवयव गमावण्याच्या भीतीने आवळपट्टा मागे पडला. बगदादमधील लष्करी रुग्णालयातील २००९ च्या अभ्यासात मात्र शॉक (रक्त गेल्याने रक्ताभिसरण कोसळणे) येण्याआधी पट्टा बांधलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचले, शॉकनंतर बांधलेल्यांपैकी सुमारे १० टक्के. पट्टा जखमेच्या ५ ते ७ सेंमी. वर, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत आवळतात. बांधल्याची वेळ लिहून ठेवतात. साधारण दोन तासांपुढे धोका वाढतो. दोरी किंवा तार वापरू नये, ती मांस कापते. रक्ताची गुठळी विरघळू न देणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचे इंजेक्शन दुखापतीपासून तीन तासांच्या आत दिल्यास मृत्यू घटतात, हे २०१० च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले.

नागपुरात संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने दुचाकीस्वारांचे गळे चिरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर बंदी घातली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही स्वतःहून दखल घेतली. गळ्याला आवळपट्टा कधीही बांधत नाहीत. दुपट्टा किंवा रुमाल घडी करून, रक्त येते तिथेच बोटांनी घट्ट दाबावा. श्वासनळी दाबू नये, दोन्ही बाजू एकदम दाबू नयेत, आणि कापड भिजले तरी ते न काढता वर दुसरे ठेवावे. ‘बघू थांबले का’ म्हणून हात उचलला की जमू लागलेली गुठळी सुटते. हळद किंवा चुना भरण्यात मोलाची मिनिटे जातात. रुतलेली वस्तू उपसू नये, तिच्या कडेने दाब द्यावा.

राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) व मिहानमधील एम्स ही मोठी शासकीय रुग्णालये आहेत. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४-अ नुसार अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.