पाहुणे म्हणून बोलावले, त्याची गोष्ट

जर्मनीत 'मिसळून जा' ही मागणी परदेशी कामगार आल्यानंतर पुष्कळ वर्षांनी सुरू झाली. आले तेव्हा त्यांनी मिसळावं अशी कोणाची इच्छाच नव्हती. नावच होतं 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणे कामगार. पाहुण्याच्या काठीने साप मारायचा आणि पाहुण्याला परत गाडीत बसवायचं, असा सरळ हिशेब होता.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने धडाक्यात चालू लागले आणि माणसं कमी पडू लागली. १९५५ मध्ये इटलीशी भरतीचा करार झाला. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, पूर्वेकडून येणारे हात थांबले. ऑक्टोबरात तुर्कस्तानशी करार झाला. इस्तंबूलच्या भरती कार्यालयात जर्मन डॉक्टर दात तपासत, कपडे उतरवून अंग तपासत. मग रेल्वेने म्युनिक. तिथे अकरा नंबरच्या फलाटाखालच्या युद्धकालीन तळघरातून कोण कुठल्या कारखान्यात, याची वाटणी. १९६४ मध्ये दहा लाखावा पाहुणा कोलोनला उतरला, तेव्हा त्या पोर्तुगीज सुताराला बॅण्डच्या गजरात मोपेड भेट दिली. फोटो छान आलाय.

तुर्की कामगारांना दोनच वर्षं राहता येणार होतं. ती अट १९६४ मध्ये काढून टाकली, तीही कारखानदारांच्या सोयीसाठी: शिकवलेला माणूस घालवून नवा शिकवायचा कोणी? १९७३ च्या तेलसंकटात भरती बंद झाली आणि डाव उलटला. एकदा गेलो तर परत येता येणार नाही, हे ओळखून लोकांनी बायका-मुलं बोलावून तिथेच बिऱ्हाड केलं.

मुलं तिथे जन्मली तरी परदेशीच, कारण १९१३ चा कायदा नागरिकत्व रक्तावरून ठरवत होता. १९९३ मध्ये झोलिंगेनला एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवलं गेलं, पाचजणी गेल्या. जन्मावरून नागरिकत्व मिळू लागलं २००० साली, तेही आईवडिलांपैकी एकजण आठ वर्षं तिथे राहत असेल तर. पुढे चॅन्सेलर झालेल्या फ्रीडरिष मेर्त्स यांनी त्याच वर्षी 'लाइटकुल्टुर', म्हणजे सगळ्यांनी मानायची जर्मन संस्कृती, हा शब्द गाजवला.

आणि त्याच वर्षी भारतीय आयटी इंजिनियरांविरुद्ध 'किंडर श्टाट इंडर' ही घोषणा निघाली: भारतीय नकोत, आपली पोरं शिकवा. सरकारने तरीही ग्रीन कार्ड, म्हणजे परदेशी आयटीवाल्यांसाठी कामाचा परवाना, काढलं. मुदत पाच वर्षं.