मन वळवणं वेगळं, एकमत घडवणं वेगळं

वाडीतली पाखाडी, म्हणजे वर चढत जाणारी अरुंद पायवाट, रुंद करून रिक्षा वरपर्यंत आणायची, म्हणून मी आठ दिवस घरोघर फिरलो. प्रत्येक घरी चहा झाला, प्रत्येक जण हो म्हणाला. गणपतीत बैठक बसली आणि दहा मिनिटांत सगळं फिसकटलं. मी एकेकाचं मन वळवलं होतं आणि त्यालाच एकमत समजून बसलो होतो.

समजावणं, ऐकणं, धीर धरणं दोन्हीकडे लागतं, म्हणून हा घोळ होतो. आधी बघावं, निर्णय कोणाच्या हातात आहे. बाबांचा मोतीबिंदू घ्या. डोळा त्यांचा, निर्णयही त्यांचाच. ऑपरेशन किती सोपं असतं हे मी दोन महिने सांगत होतो आणि ते "बघू" म्हणत होते. शेवटी विचारलं, "बाबा, अडतंय कुठे?" म्हणाले, "नंतर नजर नाही बसली तर कलमांकडे कोण बघणार?" शेजारच्या काकू नुकत्याच ऑपरेशन करून आल्या होत्या. त्यांना बोलावलं. त्यांनी ओटीवर बसून सुईत दोरा ओवून दाखवला. दिवाळीनंतर बाबा स्वतःच तारीख घ्यायला निघाले.

पाखाडीची जागा सामायिक. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईला. शिवाय एका घराचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडाचं कुंपण, मागे घ्यावा लागणार. मी एका घरी सांगितलं होतं, "आजारी माणसाला खुर्चीत बसवून उतरवावं लागतं." दुसऱ्या घरी, "तुमची गाडी थेट अंगणात येईल." दोन्ही खरंच होतं. पण बैठकीत दोघांनी ते एकमेकांच्या तोंडून ऐकलं आणि विचारलं, "मग खरं कारण कुठलं?" ज्याला जे रुचेल ते त्याला सांगणं एकट्याचं मन वळवताना खपून जातं. चारचौघांत त्यातूनच संशय उभा राहतो. आणि गडगेवाल्या वहिनी त्या दिवशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांचं गप्प बसणं मी होकारात धरलं, ही माझी सर्वांत मोठी चूक.

बहुमत ही आणखी तिसरी गोष्ट. ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातली जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी पुरते आणि ठराव होतो. ठरावाला तेवढं बस झालं, पण शेजाऱ्याचा गडगा हलवायला ते पुरत नाही.

शिमग्याला बहुतेक सगळे पुन्हा आले. या वेळी ओटीवर न बसता पाखाडीवरच उभे राहिलो, हातात सुतळी घेऊन. जे आले नव्हते त्यांना फोन स्पीकरवर लावून तेच शब्द ऐकवले. वहिनींना सगळ्यांत आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "गडगा न्या हो मागे. पण आतला फणस सासऱ्यांनी लावलेला. त्याची मुळं तुटता कामा नयेत." हे आम्हा कोणाला माहीतच नव्हतं. मग आठ फुटांचा रस्ता सहा फुटांचा झाला, फणसाच्या अलीकडे रिक्षा वळवायला जागा काढली आणि गडगा नव्याने बांधायचा खर्च सतरा जणांत वाटला. बाबांच्या वेळी माझं म्हणणं तसंच राहिलं, बदलले बाबा. इथे माझा बेतच बदलला, आणि तो बदलला म्हणून सतराही जण त्याला आपला म्हणू लागले.

सुतळी अजून फणसाला बांधलेली आहे. मे महिन्यात चिरे उतरतील.